पायांवरच्या निळ्या शिरा

प्रश्न : मी ५२ वर्षांची शिक्षिका. दिवसभर उभी असते. पिंडऱ्यांवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगल्या आहेत. शेजारीण म्हणते, अशुद्ध रक्त साठलंय, जळवा लावून काढा. काढू का?
— एक वाचक, वैशाली नगर, जयपूर

उत्तर : ताई, जळवा अजिबात नकोत. शिरांतलं रक्त गडद लालच असतं, त्वचेतून निळसर दिसतं इतकंच. ते अशुद्धही नाही, त्यात ऑक्सिजन कमी असतो. पायांतलं रक्त वर ढकलतात पिंडरीचे स्नायू, आणि ते खाली परतू देत नाहीत शिरांतल्या झडपा. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध करताना याच झडपांचा आधार घेतला होता! त्या सैल पडल्या की पातळ भिंतींच्या शिरा फुगतात.

वर्गात फेऱ्या मारा, टाचा उचला, झोपताना पायांखाली उशी घ्या. दाबमोजे उपयोगी, पण मधुमेह असल्यास आधी धमन्या तपासून घ्या. दुखत असेल, त्वचा काळवंडली असेल तर डॉप्लर सोनोग्राफी करून सर्जनना दाखवा. आता लेझरनेही उपचार होतात. घाबरण्यासारखं बहुधा काही नसतं. मात्र एकच पाय अचानक सुजला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शीर फुटलीच तर आडव्या व्हा, पाय उंच करा आणि जागा घट्ट दाबून धरा.