आकाशमार्गातील मुसाफिर : नमाज, रोजा आणि इहराम

मुंबई आणि जेद्दाह या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 3,500 किलोमीटर आहे. आपले पूर्वज हजसाठी जहाजाने कित्येक दिवस समुद्र कापीत जात; आज विमान तेच अंतर सुमारे साडेपाच तासांत पार करते. प्रवास इतका सुखकर झाल्यावर मुसाफिराच्या सवलती उरल्या काय, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर हदीसमध्ये आहे. सूरह अन्-निसाच्या 101व्या आयतीत प्रवासातील नमाज संक्षिप्त करण्याची अनुमती शत्रूच्या भयासह आली आहे. मग भय नसताना सवलत कशी, असे हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. ही अल्लाहने दिलेली देणगी आहे, तिचा स्वीकार करा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. म्हणजेच सवलतीचा आधार कष्ट नव्हे, तर प्रवास हा आहे.

मात्र ती कोठून लागू होते, हे ध्यानात घ्यावे. कसर आपल्या गावाची हद्द ओलांडल्यावर सुरू होते. मुंबईचा विमानतळ शहरातच असल्याने मुंबईकराने तेथे चार रकअत पूर्ण अदा कराव्यात. रत्नागिरीहून निघालेला यात्रेकरू मात्र तेथे मुसाफिरच असतो व दोन रकअत अदा करतो. फज्र आणि मगरिब यांत बदल नाही. दोन नमाजा एकत्र अदा करण्याची मुभा शाफई पंथात आहे, हनफी पंथात नाही. कोकणातील आणि घाटावरील बांधवांनी यावरून वाद घालू नये.

रोजाच्या बाबतीत घड्याळ फसवते. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे 34 अंशांचे अंतर आहे आणि पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. म्हणून जेद्दाहमध्ये सूर्य मुंबईनंतर सुमारे सव्वादोन तासांनी मावळतो. समजा, मार्चच्या उत्तरार्धात आपण दुपारी तीनला निघालात. मुंबईत पावणेसातच्या सुमारास इफ्तार होईल, तेव्हा आपल्या खिडकीबाहेर सूर्य बराच वर असेल. आपण तेथील वेळेनुसार सायंकाळी सहाला उतराल, तरीही सूर्यास्तास सुमारे अर्धा तास उरेल. रोजा मुंबईच्या वेळेवर सोडू नका. आपण जेथे आहात तेथील सूर्यास्तच प्रमाण आहे. प्रवास पहाटेपूर्वी सुरू झाला असेल, तर रोजा न ठेवता नंतर भरून काढण्याची अनुमती सूरह अल्-बकराच्या 185व्या आयतीत आहे.

सर्वांत मोठी चूक इहरामबाबत होते. बहुसंख्य विद्वानांच्या मते उमरा किंवा हजसाठी थेट मक्केला जाणाऱ्याने मीकात ओलांडण्यापूर्वी नियत केली पाहिजे, आणि विमान मीकात जेद्दाहला उतरण्यापूर्वीच ओलांडते. इहरामविना पुढे गेल्यास मीकातवर परतावे लागते, अन्यथा दम, म्हणजे कुर्बानी, द्यावी लागते. म्हणून इहरामची वस्त्रे मोठ्या बॅगेत देऊन टाकू नका. ती घरूनच परिधान करा आणि मीकात येण्यापूर्वी नियत व तलबिया म्हणा. झोप लागण्याची भीती असल्यास विमानात बसताच नियत करणे उत्तम.

वाचकहो, अंतर तासांवर आले, तरी उपासनेची जबाबदारी तेवढीच आहे. अल्लाह आपला प्रवास सुकर करो आणि आपली इबादत स्वीकारो. आमीन.