संगणकाची बोली, ग्राहकाची बांधिलकी

मेलकावेरी हा कुंभकोणम शहराचा एक भाग. कापसाच्या हंगामात या परिसरातील शेतकरी कुंभकोणमच्या नियंत्रित बाजारात माल आणतात. व्यापारी कापूस हातात घेऊन पारखतात आणि आपला भाव चिठ्ठीवर लिहून देतात. चिठ्ठ्या उघडल्यावर ज्याचा भाव सर्वांत अधिक, त्याला माल मिळतो. तमिळमध्ये या गुप्त लिलावास ‘मरैमुग एलम’ म्हणतात. महाराष्ट्रातील जुन्या वाचकांना यावरून रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविणारी ‘हत्ता’ पद्धत आठवावी.

चिठ्ठी लिहिणाऱ्यासमोर मात्र एक पेच असतो. समजा, त्याच्या हिशेबाने क्विंटलला ७,००० रुपये रास्त आहेत. तेवढेच लिहिले तर पदरात काही उरत नाही. ६,५०० लिहिले तर ६,५५० लिहिणारा बाजी मारतो. म्हणजे कापसाइतकीच शेजाऱ्याच्या मनाचीही पारख करावी लागते.

कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये या पेचाची उकल मांडली. सर्वांत मोठी बोली लावणारा जिंकेल, पण रक्कम मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच देईल, असा नियम केला तर प्रत्येकाने आपली खरी किंमत लिहिणे हेच त्याच्या हिताचे ठरते. विक्री यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि अवघ्या तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

१९९५ मध्ये सुरू झालेल्या ईबे या लिलावस्थळावरील ‘प्रतिनिधी बोली’ बरीचशी याच विचाराची आहे. ग्राहक जास्तीत जास्त रक्कम एकदाच सांगून ठेवतो. पुढची चढाओढ आज्ञावली करते. जुन्या हार्मोनियमसाठी एकाची मर्यादा ४,००० रुपये, दुसऱ्याची ३,२०० आणि बोलीचा टप्पा ५० रुपयांचा असेल, तर पहिल्याचा संगणकीय प्रतिनिधी ३,२५० वर थांबतो. उरलेले ७५० रुपये मालकाच्या खिशातच राहतात आणि रात्रभर जागण्याचे कारण पडत नाही. २००४ मध्ये ईबेने मुंबईची बाझी डॉट कॉम विकत घेतली. ईबेचे ते भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले.

अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबने १९९६ मध्ये ‘कासबा’ ही प्रायोगिक बाजारपेठ उभारली आणि या प्रतिनिधीला थोडा स्वभावही दिला. हवी ती किंमत, अखेरची किंमत आणि मुदत सांगितली की उतावळेपणाने, शांत डोक्याने की चिकटपणाने घासाघीस करायची, एवढेच ग्राहकाने निवडायचे. पुढे २००१ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतील लिलावात माणसे आणि आज्ञावल्या एकत्र उतरविल्या. सरासरी नफा आज्ञावल्यांचा अधिक निघाला.

परंतु भाव चढविणे आणि वस्तूचे मोल जाणणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०११ च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनवर ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ या जीवशास्त्रीय ग्रंथाच्या नव्या प्रतीची किंमत सुमारे २ कोटी ३७ लाख डॉलरवर पोहोचली. दोन विक्रेत्यांच्या आज्ञावल्या एकमेकींकडे पाहून भाव ठरवीत होत्या. एक दुसरीच्या ०.९९८३ पट भाव लावी, तर दुसरी पहिलीच्या सुमारे १.२७ पट. एका फेरीत किंमत सव्वापटीहून अधिक वाढे. दोघींचे गणित अचूक होते. कमाल मर्यादा मात्र कोणीच घातली नव्हती.

ग्रंथ कोणी घेतला नाही म्हणून तो प्रकार हसण्यावारी गेला. बँकेच्या ई-लिलावात तशी सवड नाही. तारण मालमत्तेच्या विक्रीसाठी होणाऱ्या या लिलावांत काही संकेतस्थळांवर ‘ऑटो बिड’ची सोय असते. तेथे ‘ही बोली माझी नव्हे, संगणकाची’ असे म्हणता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ११ नुसार, एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी आज्ञाबद्ध केलेल्या प्रणालीने पाठविलेला संदेश त्याचाच मानला जातो. मुखत्याराने केलेली सही जशी मालकाला बांधते, तसेच हे.

सरफेसी कायद्याखालील नियमांप्रमाणे यशस्वी बोलीदाराला बयाणा धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, उशिरात उशिरा पुढील कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. बाकीची रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावयाची असते. लेखी संमतीने मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. ती न भरल्यास आधीची रक्कम जप्त होते. तमिळनाडूतील अशाच एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने बोलीदाराला काही रक्कम परत देवविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०२४ रोजी तो निर्णय रद्द करून २५ टक्क्यांची संपूर्ण जप्ती ग्राह्य धरली.

म्हणून कमाल मर्यादेचा आकडा लिलाव सुरू होण्यापूर्वीच, कागद-पेन्सिल घेऊन ठरवावा. मुद्रांक व नोंदणी शुल्क, सोसायटीची आणि मालमत्ताकराची थकबाकी, मालमत्तेत कोणी राहत असल्यास ताबा मिळेपर्यंतचा काळ आणि गृहकर्ज किती मंजूर होईल, हे सारे वजा जाता उरेल तोच आकडा यंत्राच्या हाती द्यावा. जागा समक्ष पाहण्याची तारीख लिलावाच्या जाहिरातीत छापलेली असते.