पिंजऱ्यांतील पाखराचें खाणें बदलतांना

बैलास कडब्यावरून एकदम कोवळ्या लसूणघासावर सोडिलें असतां त्याचें पोट फुगतें, हें शेतकऱ्याच्या घरांतील पोरासही ठाऊक असतें. म्हणून वैरण पालटावयाची ती थोडी थोडी मिसळून, अशी आपली रीत आहे. परंतु हीच सावधगिरी आपण घरांतील पिंजऱ्याजवळ विसरतों. मीही विसरलों होतों, आणि त्याचें फळ एका मुक्या जिवानें भोगिलें.

येथें पाखरूं म्हणजे बजरीगर. बाजारांत ज्यास सर्रास लव्हबर्ड म्हणतात तो. हा मूळचा ऑस्ट्रेलियांतील. आपल्या रानांतील पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे, हें बंधूंनीं ध्यानांत ठेवावें. बजरीगरास बहुतेक घरीं केवळ राळा घालतात. राळा वाईट नव्हे; परंतु त्यांत पिष्ट पुष्कळ, आणि अ जीवनसत्त्व व कॅल्शियम फार थोडें. वर्षानुवर्षें त्यावरच ठेविलेलें पाखरूं वरून धड दिसलें तरी आंतून दुबळें होतें. सबब खाणें सुधारणें अवश्य आहे. प्रश्न आहे तो कसें सुधारावें एवढाच.

माझ्या नातीच्या पाखराचा राळा मीं एके दिवशीं बंद केला व तयार खाद्याच्या गोळ्या घातल्या. भूक लागली म्हणजे खाईल, असा माझा हिशेब. दुसरे दिवशीं वाटींत चुरा दिसला, तेव्हां पाखरूं खाऊं लागलें असें समजून मी निश्चिंत झालों. वस्तुतः त्यानें गोळ्या चोचीनें फोडल्या होत्या, गिळल्या नव्हत्या. तिसरे दिवशीं तें पिसें फुगवून तळाशीं बसलें व सायंकाळीं गेलें. नात म्हणाली, "आजोबा, वाटी तर भरलेली होती!"

याचें कारण असें कीं, हीं पाखरें लहानपणीं जें खावयास शिकतात तेंच अन्न म्हणून ओळखतात. अनोळखी वस्तु शेजारीं असूनही तीं उपाशी राहतात. साधारण बजरीगराचें वजन ३० ते ४० ग्रॅम. एवढ्याशा देहांत शिलकेची सांठवण ती किती असणार? पुढें दुसऱ्या पाखरास मीं ज्या रीतीनें नवें खाणें लाविलें, ती अशी :—

१. प्रथम वजन. एक ग्रॅमपर्यंत दाखविणाऱ्या स्वयंपाकघरांतील काट्यावर रोज सकाळीं, खाणें देण्यापूर्वीं, वजन करून वहींत लिहावें. मूळ वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारें ३ ते ४ ग्रॅम, घटतांच जुनें खाणें पूर्ववत् द्यावें व पशुवैद्यास दाखवावें.

२. पहिला आठवडा राळा नेहमींप्रमाणें ठेवून नवें खाद्य दुसऱ्या वाटींत केवळ दिसूं द्यावें. नंतर तीन भाग राळा व एक भाग नवें, मग निम्मेंनिम्म, असें वाढवावें. एक पायरी पचनीं पडल्याशिवाय दुसरी चढूं नये. यास एक ते दोन महिने लागतात. थोडा राळा पुढेंही चालूं ठेवण्यास हरकत नाहीं.

३. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलें गाजर हीं थोडथोडीं द्यावीं. ताजी फवारणी झालेल्या शेतांतील पाला मुळींच घालूं नये. भाजी धुवून द्यावी व दोन-तीन तासांनीं काढावी. कॅल्शियमकरितां समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यास बांधावा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा व खारट पदार्थ विषासमान समजावे.

४. विष्ठा पाहावी. ती कमी होऊन काळपट हिरवी दिसूं लागली, तर पोट रिकामें आहे असें समजावें.

५. पिसें झडत असतां, आजारांत, किंवा पाखरूं नुकतेंच घरीं आणिलें असतां हा पालट आरंभूं नये.

राळ्याच्या वाटीसही फसूं नये. पाखरूं दाणा सोलून खातें व टरफल तेथेंच टाकतें. त्यामुळें रिकामी वाटीही भरलेली दिसते. रोज फुंकर मारून टरफलें उडवावीं.

पीकपाहणी बांधावर उभें राहून होत नाहीं, शेतांत शिरावें लागतें, असें मी नोकरींत नेहमीं सांगत असें. पाखराची पाहणीही वाटीवरून होत नाहीं. ती काट्यावरून होते. हा धडा मला उशिरां मिळाला. आपणांस तो वेळेवर मिळावा, एवढ्याचकरितां हा लेख.