इंग्रजी बनावटीच्या बंदुकीचा काळ

१८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपूर येथे राजा शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्यानंतर तेथील ५२वी देशी पलटण उठली. त्यामुळे या परिसरातील प्रत्येक जुनी विलायती बंदूक सत्तावनची समजण्याचा मोह स्वाभाविक आहे.

अभ्यासकाने मात्र प्रथम खुणा वाचाव्यात. चापाच्या पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीची हृदयाकृती मुद्रा असल्यास ती पट्टी साधारणतः १८०८ पूर्वीची, उभ्या सिंहाची असल्यास त्यानंतरची होय. परंतु मुद्रेवरून त्या एका भागाचेच वय कळते. चकमकीवर उडणाऱ्या कित्येक बंदुका पुढे दारूच्या टोपीवर उडतील अशा बदलण्यात आल्या. म्हणून सर्वांत नवा भाग शोधावा. बंदुकीची आजची जुळणी त्याच्या आधीची असू शकत नाही.

शेवटी नळीच्या आत पाहावे. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीत मळसूत्री आटे असत. उठावानंतर देशी शिपायांसाठी तशाच दिसणाऱ्या, परंतु बिनआट्यांच्या आणि म्हणून कमी पल्ल्याच्या बंदुका घडविण्यात आल्या. त्यांचा नमुना १८५८ चा. अशी बंदूक सत्तावनच्या शिपायाची मानता येत नाही. राज्यकर्त्यांच्या मनात त्याच्याविषयी बसलेला अविश्वास तिच्या गुळगुळीत नळीत दिसतो.