मित्रांनी घडवलेली मोटारसायकल

मुलांनो, पोर्ट लुईला शाँ द मार्सवर घोड्यांच्या शर्यती होतात. तुमच्यापैकी काहींनी त्या पाहिल्या असतील. शर्यत संपली की लोक जिंकलेल्या घोड्याचे नाव घेतात. जॉकीचे नाव घेतात. पण पहाटे उठून त्या घोड्याला कोणी फिरवले, त्याच्या खुरांना नाल कोणी ठोकले, हे कोणी विचारत नाही. मोटारसायकलच्या शर्यतीतही तसेच असते. स्वार सर्वांना दिसतो, पण गाडी घडवणारे हात दिसत नाहीत. आज आपण अशा हातांची गोष्ट वाचू या.

ही गोष्ट न्यूझीलंडची आहे. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला पाहा. तेथे दोन मोठी बेटे दिसतील. त्यांतल्या दक्षिणेकडच्या बेटावर क्राइस्टचर्च नावाचे शहर आहे. आपल्या मॉरिशससारखाच न्यूझीलंड हाही बेटांचा देश. पूर्वी तेथे बरीच यंत्रे परदेशातून जहाजाने येत. शेतावर एखादे यंत्र मोडले तर नवा भाग येईपर्यंत थांबायचे कसे? मग शेतकरी कुंपणाची तार घेई, ती वाकवी, पिळी आणि यंत्र पुन्हा चालू करी. कुंपणाच्या त्या तारेला 'आठ नंबरची तार' म्हणत. आजही तेथे जवळ असेल त्या वस्तूंतून वाट काढणाऱ्या माणसाचे कौतुक करताना या तारेचे नाव घेतात.

अशा देशात, क्राइस्टचर्चमध्ये, 1950 साली जॉन ब्रिटनचा जन्म झाला. शाळेत त्याला वाचणे आणि लिहिणे फार जड जाई. त्याला डिस्लेक्सिया होता. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी कमी नसते, पण अक्षरे वाचताना त्याला फार कष्ट पडतात. जॉनचे हात मात्र कधी स्वस्थ बसत नसत. लहानपणी एकदा त्याला आणि त्याच्या मित्राला एका खड्ड्यात पडलेली जुनी मोटारसायकल सापडली. 'इंडियन' नावाच्या अमेरिकन कंपनीची ती गाडी होती. लोकांच्या दृष्टीने ते भंगार होते. दोघांनी ती बाहेर काढली आणि दुरुस्त केली.

मोठा झाल्यावर जॉन दिवसा काम करी आणि रात्रीच्या वर्गाला जाई. असा तो मेकॅनिकल इंजिनियर झाला. त्याने घोड्यांचा एक जुना तबेला घेतला आणि त्याचे सुंदर घर केले. काचेचे दिवेही त्याने बनवले. पण मोटारसायकलींचे वेड काही सुटले नाही. आपण बनवलेली गाडी शर्यतीत धावावी, असे त्याला वाटे. आधी त्याने दुसऱ्यांनी बनवलेले इंजिन आपल्या गाडीत बसवून पाहिले. ते वरचेवर बिघडे. तेव्हा जॉनने ठरवले, इंजिनसुद्धा आपणच करायचे.

आता थोडे थांबून विचार करा. त्या काळी शर्यतीच्या गाड्या इटली आणि जपानमधल्या मोठमोठ्या कारखान्यांत तयार होत. तेथे शेकडो कामगार असत, महागडी यंत्रे असत. जॉनजवळ काय होते? घरामागची एक शेड. आणि मित्र.

हे मित्र कोण होते? कोणी इंजिनियर होता. कोणी लेथवर लोखंड कातणारा, कोणी वेल्डिंग करणारा. दिवसभर प्रत्येक जण आपापल्या नोकरीवर जाई. संध्याकाळी जेवण उरकून सगळे शेडमध्ये जमत. मग मध्यरात्र उलटली तरी तेथला दिवा जळत असे. शनिवार-रविवारीही काम चालू राही. त्यांतले बरेच जण एक पैसाही घेत नसत. पुढे जॉनने कंपनी काढली तेव्हा काही जण पगारावर लागले, पण सुरुवात झाली ती अशी, हौसेने आणि मैत्रीखातर.

हे काम सोपे नव्हते. इंजिनाचे भाग ॲल्युमिनियमचे ओतायचे होते. आधी साचा करायचा, मग वितळलेला धातू त्यात ओतायचा. एवढ्याने भाग पुरेसा मजबूत होत नाही. तो ठरावीक तापमानाला तापवावा लागतो आणि मग एकदम थंड करावा लागतो. त्यासाठी कारखान्यात मोठी भट्टी असते. जॉनच्या घरी मातीची भांडी भाजायची भट्टी होती. त्या भट्टीतच इंजिनाचे भाग तापवले गेले! ज्या भट्टीत फुलदाणी आणि वाडगे भाजायचे, तिच्यातून शर्यतीच्या गाडीचे इंजिन बाहेर आले, हे वाचून मला अजूनही गंमत वाटते.

गाडीचा बाहेरचा आकार कसा ठरवला, तेही ऐका. जॉनने तारा वाकवून आणि गरम गोंदाने जोडून गाडीचा सांगाडा उभा केला. दोन पावले मागे जायचे, डोळे बारीक करून पाहायचे आणि तार पुन्हा वाकवायची. वाऱ्याला कोठेही अडथळा होऊ नये, असा आकार त्याला हवा होता. तुम्ही सायकल जोरात चालवता तेव्हा समोरचा वारा तुम्हाला मागे ढकलतो. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा हा जोर चौपट होतो. म्हणून गाडीचा पुढचा भाग जितका निमुळता, तितके बरे. पण इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकामागेच असतो आणि वारा अडवतो. जॉनने तो उचलून स्वाराच्या आसनाखाली बसवला. हवा त्याच्यापर्यंत नेण्यासाठी वेगळी वाट ठेवली.

गाडीचे बरेच भाग कार्बन फायबरचे केले. चाकेसुद्धा! कार्बन फायबर म्हणजे कार्बनच्या अगदी बारीक धाग्यांचे कापड. फायबरच्या होडीची दुरुस्ती तुम्ही समुद्रकाठी पाहिली असेल. कापडाचे तुकडे चिकट रसायनात भिजवून एकावर एक चिकटवतात आणि ते वाळले की दगडासारखे टणक होतात. येथेही तशीच रीत, फक्त कापड कार्बनचे. घाई चालत नाही. दोन थरांमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तो भाग तेथेच कच्चा राहतो. मित्रांनी हे थर हातांनी बसवले.

सर्वसाधारण मोटारसायकलला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो आणि इंजिन त्यात बसवलेले असते. या गाडीत इंजिनच सांगाड्याचे काम करी. पुढचे आणि मागचे भाग त्यालाच जोडलेले होते. त्यामुळे गाडीचे वजन फक्त 138 किलो झाले, म्हणजे तुमच्याएवढ्या चार मुलांइतके. इंजिन मात्र सुमारे 165 अश्वशक्तीचे! पूर्ण वेगात ते एका सेकंदाला जवळजवळ दोनशे वेळा फिरे.

या गाडीचे नाव ब्रिटन व्ही-1000.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यात डेटोना नावाची शर्यतीची प्रसिद्ध वाट आहे. तेथील वळणे छपरासारखी तिरपी आहेत, म्हणून गाड्या वळणावरही फार वेगाने जातात. 1991 साली जॉन आणि त्याचे मित्र गाडी घेऊन तेथे गेले. दोन सिलिंडरांच्या गाड्यांच्या शर्यतीत त्यांचा दुसरा क्रमांक आला. शेडमध्ये बनवलेली गाडी आणि दुसरा क्रमांक! लोक तिच्याभोवती गर्दी करू लागले.

1992 साली ते पुन्हा आले. या वेळी स्वार होता न्यूझीलंडचाच तरुण अँड्र्यू स्ट्राउड. शर्यत तोंडावर आली आणि इंजिनाच्या सिलिंडरला तडा गेला. दुसरा सिलिंडर आणायचा कोठून? क्राइस्टचर्च हजारो किलोमीटर दूर. त्या रात्री कोणी झोपले नाही. इंजिन उघडले, तडा वेल्डिंग करून बुजवला, घासून गुळगुळीत केला आणि इंजिन पुन्हा जोडले.

आता स्ट्राउडचा विचार करा. रात्री चिरलेला आणि रात्रीच जोडलेला सिलिंडर त्याच्या पायांमध्ये आहे. ताशी अडीचशे किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने त्याला धावायचे आहे. इंजिन अचानक अडकले तर मागचे चाक जागच्या जागी थांबेल आणि तो फेकला जाईल. वेल्डिंग त्याने केले नव्हते. बोल्ट त्याने आवळले नव्हते. ज्यांनी ते केले ते रात्रभर जागलेले, डोळे तांबारलेले मित्र भिंतीपाशी उभे होते. त्यांच्या कामावर विसंबून तो गाडीवर बसला.

शर्यत सुरू झाली. स्ट्राउडने इटलीच्या डुकाटी कंपनीच्या गाडीला मागे टाकले. गाडीत इतका जोर होता की पुढचे चाक हवेत उचलले जाई. तो पहिला होता. आणि मग, शर्यत संपायला थोडाच वेळ राहिला असताना, गाडी बंद पडली. रात्री जोडलेला सिलिंडर टिकला होता. बिघडला तो विजेचा एक लहानसा भाग.

मित्रांना किती वाईट वाटले असेल! पण गाडी पेटीत भरून ते घरी परतले आणि पुन्हा शेडमध्ये जमू लागले. 1993 साली या गाडीने एक मैलाचे अंतर ताशी 302.705 किलोमीटर वेगाने कापून 1000 सीसी गटात जागतिक विक्रम केला. 1994 च्या मार्चमध्ये डेटोनाला स्ट्राउड पुन्हा तीच गाडी घेऊन उतरला. या वेळी काही बिघडले नाही. ब्रिटन पहिली आली.

त्याच वर्षी एक दुःखद घटना घडली. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मध्ये आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. तेथे गावांतल्या रस्त्यांवरून, घरांच्या आणि दगडी भिंतींच्या अगदी जवळून मोटारसायकली धावतात. सरावाच्या वेळी मार्क फार्मर हा स्वार ब्रिटन गाडीवरून पडला आणि मरण पावला. शर्यत म्हणजे नुसता खेळ नव्हे. जो बोल्ट आवळतो त्यालाही हे ठाऊक असते. म्हणून तो एकदा आवळलेला बोल्ट पुन्हा तपासतो.

1995 साली 'बेअर्स' या जागतिक मालिकेत स्ट्राउड पहिला आला. दुसरा आलेला स्वारही ब्रिटन गाडीवरच होता. पण त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जॉन ब्रिटन कर्करोगाने वारला. तो फक्त 45 वर्षांचा होता.

काही गाड्या अजून अर्धवट होत्या. रेखाटने होती, साचे होते, पण ज्याच्या डोक्यात सगळे होते तो माणूस नव्हता. सोबत्यांनी काम सोडले नाही. एकेक गाडी त्यांनी पूर्ण केली. अशा एकूण दहा गाड्या झाल्या. वेलिंग्टन शहरातल्या 'ते पापा' या संग्रहालयाकडे त्यांतली एक आहे. गडद निळ्या आणि गुलाबी रंगाच्या या गाडीचे चित्र मिळाले तर वर्गात आणा. रेडिएटर कोठे लपला आहे, ते शोधा.

शब्दार्थ

स्वार – गाडीवर किंवा घोड्यावर बसून ती चालवणारा
भंगार – मोडकेतोडके, टाकाऊ सामान
ओतणे – येथे अर्थ : वितळलेला धातू साच्यात घालणे
निमुळता – टोकाकडे बारीक होत गेलेला
विसंबणे – भरवसा ठेवून अवलंबून राहणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जॉन ब्रिटनचा जन्म कोठे झाला?
(आ) इंजिनाचे भाग कोणत्या भट्टीत तापवले?
(इ) 1992 साली डेटोनाला गाडी का बंद पडली?

2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जॉनने रेडिएटर आसनाखाली का बसवला?
(आ) स्ट्राउड गाडीवर बसला तेव्हा तो कोणाच्या कामावर विसंबून होता?

3. 'वरचेवर', 'रात्रभर', 'जागच्या जागी' हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.

4. तुमच्या गावात गॅरेज, सुतारकाम किंवा होड्यांची दुरुस्ती करणारे कोणी आहे का? त्यांच्याकडे जा. एक काम कसे करतात ते पाहा आणि त्याविषयी पाच वाक्ये लिहा.