इंधनघट : शास्त्र समजून घ्या, पैसा जपून घाला



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गुंतवणुकीचे सल्ले देणारे गावोगाव फिरू लागतात. हल्ली गटसभेत आम्हाला हमखास विचारले जाते, "साहेब, हायड्रोजनच्या कंपन्यांचे शेअर आत्ताच घेतले तर पुढे सोने होईल म्हणतात, खरं काय?" म्हणून या अंकात इंधनघटाची, म्हणजे फ्युएल सेलची, माहिती देत आहोत.

इंधनघट म्हणजे काय?
ट्रॅक्टरची बॅटरी उतरली की चार्ज करावी लागते. इंधनघटाचे तसे नाही. एका बाजूने हायड्रोजन व दुसऱ्या बाजूने हवा देत राहिले की वीज मिळत राहते. जाळ नाही, धूर नाही. बाहेर पडते ते पाणी आणि थोडी उष्णता. एका घटातून एक व्होल्टही मिळत नाही, म्हणून मोटारीसाठी शेकडो घटांची चवड रचतात.

हे शास्त्र कालपरवाचे नव्हे. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ साली याचा प्रयोग केला. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत वीज व पिण्याचे पाणी दोन्ही इंधनघटांनीच पुरविले. २०१४ साली टोयोटाची मिराई मोटार बाजारात आली. २०२२ साली आपल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी यांनी मिळून केलेली बस लोकांनी पाहिली.

मग घोडे अडते कुठे?
पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. इंधनघटातून परत मिळते ती १५ ते २० युनिट. शिवाय मोटारीच्या टाकीत हा वायू हवेच्या सुमारे ७०० पट दाबाने भरावा लागतो, आणि घटात प्लॅटिनमसारखा महाग धातू लागतो. जिथे बॅटरीने काम भागते तिथे बॅटरीच स्वस्त पडते.

आधी पैसे घातले त्यांचे काय झाले?
कॅनडातील बॅलार्ड ही या धंद्यातील नावाजलेली कंपनी. डेमलर व फोर्ड यांनीही तिच्यात भांडवल घातले होते. २००० साली तिचा शेअर शंभर डॉलरच्या वर गेला. २०१२ च्या अखेरीस तो एका डॉलरच्याही खाली आला. शास्त्र खोटे नव्हते, कंपनीही बुडाली नाही. पण चढ्या भावात घेणाऱ्याचे भांडवल गेले.

आपल्या को ८६०३२ चेच पाहा. नावातले ८६ हे निवडीचे साल. महाराष्ट्रात हा वाण प्रसारित झाला १९९६ साली. चांगल्या वाणालाही दहा वर्षे लागली. नवे बेणे आपण आधी दोन-चार गुंठ्यांत लावून पाहतो, सगळे रान एकदम देत नाही.

पैसे देण्यापूर्वी विचारा :
१) कंपनी आज काय विकते, आणि त्यात नफा आहे का?
२) हायड्रोजन कुठून व काय भावाने आणणार?
३) ही रक्कम दहा वर्षे अडकली किंवा बुडाली, तर घर चालेल का?

केंद्र सरकारने २०२३ साली हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींचे अभियान मंजूर केले आहे. ते उद्योगाला उत्तेजन आहे. कोणत्याही शेअरची हमी नव्हे.

सोसायटीचे कर्ज, मुलांचे शिक्षण, खोडव्याचे खत व ठिबक यांचा पैसा याला लावू नये. हे सगळे भागून उरले तरच थोडी रक्कम घालावी. कर्ज काढून तर मुळीच नको.

— ऊस विकास विभाग