फाउंड्रीतून आयटीकडे निघालेल्या भाच्यास

पुणे

चि. ओंकार यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्याच्या आदल्या दिवशीच वहिनीचा फोन येऊन गेला होता, त्यामुळे "आईला इतक्यात सांगू नकोस" हे तू शेवटी लिहिलंस ते वायाच गेलं. तिला काळजी आहे तू नोकरी सोडण्याची. मला काळजी वाटते ती तू लावलेल्या क्रमाची. आधी राजीनामा, मग पुण्यात खोली घेऊन सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स, आणि मग नोकरी. हा क्रम मला पूर्ण उलटा हवा आहे. आयटीत येऊच नकोस असं मी म्हणणार नाही. माझं सगळं घर याच धंद्यावर उभं राहिलं, मी कोणत्या तोंडाने म्हणू?

कोर्सवाल्यांनी तुला सांगितलं, मागचं सगळं विसरा आणि कोरी पाटी घेऊन या. त्यांचं बरोबर आहे, कोरी पाटी असली की फी जास्त लावता येते. पण तशी पाटी घेऊन आलास तर तुझ्या शेजारी बावीस वर्षांची पोरं उभी असतील. ती एका फ्लॅटमध्ये पाचजण राहतात, रात्री दोनपर्यंत जागतात आणि त्यांच्यामागे हप्ते नसतात. मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचा पगार गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळतो आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत तू आज त्याहून बरं कमावतोस. शिवाय आत आलं की निवृत्तीपर्यंत सुटलो, हेही आता राहिलेलं नाही. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्यांत भर होता मधल्या आणि वरच्या फळीवर. म्हणजे माझ्या वयाच्या लोकांवर. हे घाबरवायला लिहीत नाही. तुझ्या मित्राचं पॅकेज ऐकून जे चित्र तू रंगवलं आहेस, त्यात एवढं घालून घे.

आता तुझ्याकडे काय आहे ते बोलू. रोज हाताखालून जातं म्हणून तुला त्याची किंमत वाटत नाही. एस.जी. आयर्नच्या लॅडलला मॅग्नेशियम ट्रीटमेंट दिली की घड्याळ सुरू होतं, हे मला तूच एका दिवाळीत समजावलं होतंस. दहा-बारा मिनिटांत ओतून संपलं नाही तर मॅग्नेशियम उतरतं, ग्रॅफाइटचे गोळे नीट धरत नाहीत, आणि कास्टिंग वरून धडधाकट दिसलं तरी आतून कच्चं राहतं. समज, हिंजवडीतल्या एखाद्या हुशार मुलाने तुमच्या मेल्टिंग शॉपसाठी स्क्रीन बनवली. तो हीट नंबर घेईल, तारीख घेईल, वजन घेईल, स्पेक्ट्रोचा रिपोर्टही जोडेल. ट्रीटमेंट किती वाजता झाली आणि शेवटचा साचा किती वाजता भरला, हे दोन रकाने मात्र त्याच्या डोक्यात येणार नाहीत, कारण त्याला ते कुणी सांगितलेलंच नसतं. तू स्क्रीनकडे पाहताक्षणी विचारशील, "वेळ कुठंय?" कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत असं विचारणारा माणूस मिळत नाही म्हणून प्रकल्प रखडतात. मी मुलाखती घ्यायला बसते तेव्हा पायथॉन येणारी मुलं रांगेने भेटतात. फेटलिंगमध्ये आठवडाभर उभा राहिलेला क्वचित.

म्हणून तुझं दार वेगळं आहे. कारखान्याची ईआरपी, शॉप फ्लोअरवरचं उत्पादन नोंदवणारी एमईएस, सॅपमधली पीपी (उत्पादन नियोजन) आणि क्यूएम (गुणवत्ता) ही मॉड्यूलं, आणि या सगळ्यांचं टेस्टिंग, इकडे बघ. सॅपने आपल्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर थांबवायचं जाहीर केलं आहे. त्यामुळे बऱ्याच कंपन्या एस/४ हानावर सरकत आहेत आणि तिथे काम आहे. ही लाटही कधीतरी ओसरेल, म्हणून नुसत्या सर्टिफिकेटवर पैसे ओतू नकोस. क्यूएमचं सर्टिफिकेट घेतलेल्यांना कंट्रोल प्लॅन म्हणजे काय विचारलं की अनेकजण छताकडे बघतात. तू पीपीएपीच्या फायली स्वतः बनवल्या आहेस.

शिकायचंच असेल तर एसक्यूएलपासून धर. आयबीएममध्ये १९७० च्या दशकात जन्मलेली ही भाषा, दादाच्या पहिल्या नोकरीपेक्षा जुनी, आणि अजून हलायचं नाव घेत नाही. पुस्तकातली विद्यार्थी आणि गुणपत्रिकांची उदाहरणं सोडवत बसू नकोस. गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमधून ब्लोहोलचं कास्टिंग परत आलं की तू काय करतोस? चलान काढतोस, चलानवरून हीट, हीटवरून मोल्डिंगचं रजिस्टर, आणि त्या दिवशीचा वाळूचा ओलावा. हे तीन-चार तक्ते एकमेकांना जोडणं म्हणजेच जॉइन. तू ते रजिस्टरांत बोटं घालून करत आला आहेस, आता क्वेरी लिहून कर. मग पायथॉन, पुरेसं, रिजेक्शनचा पॅरेटो आपोआप निघेल इतपत. एक मात्र सांभाळ. कंपनीचा डेटा घरच्या लॅपटॉपवर उचलून आणायचा नाही. आकडे स्वतः बनव, पार्ट नंबर काल्पनिक घे.

एआय आता कोड लिहून देतं, मग शिकू कशाला, असं तू विचारलंस. लिहून देतं, आणि पुष्कळदा चांगलं देतं. पण वाळूचा ओलावा ३५ टक्के दाखवणारा रिपोर्टही ते तितक्याच आत्मविश्वासाने देतं. साडेतीनचे पस्तीस झालेत, हे कुणाला तरी बघताक्षणी कळायला हवं.

शिकण्यासाठी त्या कोर्सच्या दोन-अडीच लाखांची गरज नाही. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, एनपीटीईएलचे वर्ग फुकट ऐकता येतात, परीक्षा द्यायची तरच फी. पदवीसारखं काही हवं असेल तर आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस आहे, नोकरी सांभाळून करता येतो, पण वर्षं जातात. सी-डॅकचा डिप्लोमा चांगला, मात्र सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तो पूर्ण वेळेचा आहे. ते पुढचं बघू.

तुझ्या कोर्सच्या माहितीपत्रकातला "शंभर टक्के जॉब गॅरंटी" हा शब्द सोड आणि खालचा बारीक मजकूर वाच. फी हप्त्याने म्हणतात तेव्हा ते बहुतेकदा तुझ्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कोर्स अर्धवट सुटला तरी हप्ता सुटत नाही.

आणि तीन वर्षांचा "अनुभव" पगारपत्रकांसकट जोडून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर तो तुला चहा पाजत असला तरी उठून ये. हे मी नीतीची गोष्ट म्हणूनही सांगते आहे, पण आधी हिशेबाची. तुझा पीएफचा यूएएन नंबर एकच आहे. कोणत्या कंपनीने कुठल्या महिन्यात तुझा पीएफ भरला, ते त्यात दिसतं, आणि आमच्याकडे जॉइनिंगच्या आधी-नंतर पडताळणी करणारे नेमकं तेच उघडतात. ज्या तीन वर्षांत तू पुण्यात कोडिंग करत होतास असं कागद म्हणेल, त्याच वर्षांत शिरोलीची फाउंड्री तुझा पीएफ भरत होती. असा पकडलेला मुलगा मी पाहिला आहे. कामाला वाईट नव्हता. दुपारच्या जेवणाआधी त्याचं कार्ड काढून घेतलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू लिहिलंस, "इथे नवीन ईआरपी येतेय, नुसती कटकट आहे," आणि पुढच्या ओळीवर गेलास. अरे, दार तर तुझ्याच शॉपमध्ये उघडतंय! प्रत्येक विभागातून एक की यूजर मागतील. सगळे मान खाली घालतील, कारण पगार तोच आणि काम दुप्पट. तू हात वर कर. व्हेंडरच्या लोकांबरोबर बस, मास्टर डेटा साफ कर, यूएटीत, म्हणजे वापरण्याआधीच्या चाचणीत, त्यांचं सॉफ्टवेअर मोडून दाखव, आणि काय मोडलं ते व्यवस्थित लिहून ठेव. गो-लाइव्ह होईपर्यंत वर्ष जाईल. तेवढ्यात बायोडेटावर एक खरी ओळ येईल, आणि त्या व्हेंडरच्या टीमला तुझं नाव माहीत झालेलं असेल. अशा ओळखीतून बरीच माणसं आमच्याकडे आली आहेत.

हे वर्ष पगार चालू असेल, तेव्हा सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाक. भट्टीची धग आणि रात्रपाळी नको झाली म्हणालास, ते मला पटतं. फक्त अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा कॉल रात्री साडेनऊला असतो, हे सूनबाईला आधी सांग. तिची शाळेची नोकरी कोल्हापुरात आहे, तेव्हा हा निर्णय निम्मा तिचा आहे. तुझ्या मेसेजमध्ये तिचं नाव एकदाही आलेलं नाही.

या आठवड्यात प्लांट हेडना की यूजरबद्दल विचार आणि काय म्हणाले ते कळव. कोर्सवाल्याला टोकन दिलं नसशील अशी आशा आहे. दिलं असशील तर पावतीचा फोटो पाठव, परत मिळतं का ते मी बघते.

तुझी,
आत्या